'येतें' म्हणून गेलेली ताई

आपल्या मराठी घरांत निरोप घेतांना 'जातों' असें कोणी म्हणत नाहीं. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकतांना पाहुणा 'येतों' म्हणतो, घरचीं माणसें 'या' म्हणतात, आणि जाण्याची क्रिया येण्याच्या शब्दानें पार पडते. लहानपणीं माझ्या तोंडून एकदां 'जातों' असें निघालें, तेव्हां आजीनें मला दारांतून मागें बोलावलें, पाटावर बसविलें, हातावर चिमूटभर साखर ठेवली आणि नव्यानें 'येतों' म्हणावयास लावलें. पुढें चौतीस वर्षें मराठी व संस्कृत शिकवितांना हा संकेत मीं शेंकडों मुलांना सांगितला. तो सांगण्यांत कांहीं चूक होऊं शकेल असें मला कधीं वाटलें नव्हतें. तीन वर्षांमागें तें वाटलें, आणि ती हकीकत सांगण्यासाठींच हा लेख लिहावयास बसलों आहें.

सेवानिवृत्त झाल्यापासून दर शनिवारीं मी आमच्या भागांतील एका बालगृहांत जातों. भीमेच्या एका अंगास दौंड तालुका, दुसऱ्या अंगास शिरूर; त्यांत हें बालगृह कोठें आहे तें सांगत नाहीं, आणि त्याचें नांवही देत नाहीं. तेथील माणसें कष्टाळू व सत्प्रवृत्त आहेत, आणि पुढें जें सांगावयाचें आहे त्यांतील दोषाचा मोठा वाटा माझाच आहे. मुलांकडून चार श्लोक म्हणवून घ्यावे, पाढे ऐकावे, कोणाचें शुद्धलेखन तपासावें, एवढेंच माझें तेथील काम. त्या वर्षीं दिवाळीनंतर युरोपांतील एका विश्वविद्यालयाचे नऊ विद्यार्थी तेथें सेवेसाठीं आले. मुक्काम तीन आठवड्यांचा. माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. पण तेवढ्या भांडवलावर दुभाष्याचें काम माझ्या गळ्यांत पडलें.

मुलें मोठीं गुणी होतीं, हें आधीं सांगितलें पाहिजे. त्यांनीं भिंती रंगविल्या, चेंडू खेळविला, लहानांचीं नखें कापलीं, मुलींच्या वेण्या घातल्या. पहिल्या दिवशीं पिठल्याचा घास तोंडांत घेऊन डोळ्यांत पाणी आणणारा मुलगा दुसऱ्या आठवड्यांत ठेचा मागून घेऊं लागला. त्यांच्यांत एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी होती, सडसडीत, मितभाषी. तिच्या मागें मागें आमच्या गृहांतील सात वर्षांची एक पोर हिंडूं लागली. ही पोर दीड वर्षापूर्वीं बालकल्याण समितीच्या आदेशानें आली होती. बोलत क्वचितच असे. पण या परदेशी ताईच्या ओढणीचें टोंक मुठींत धरून ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फिरे. तिसऱ्या आठवड्यांत ती चक्क बोलूं लागली. मुलीला मराठी येत नव्हतें, पोरीला इंग्रजी येत नव्हतें. तरी दोघींचें बोलणें संपत नसे.

शेवटल्या संध्याकाळीं निरोपाचा समारंभ झाला. कुंकू लावून औक्षण, श्रीफळ, मुलांचीं गाणीं, छायाचित्रें, आणि मग रडणें. नऊंपैकीं सहा जण तरी हुंदके देत होते. त्या मुलीनें मला हळूच विचारलें, "गुरुजी, निरोप घेतांना मराठींत काय म्हणावें?" मीं मोठ्या अभिमानानें आपल्या भाषेची ती खुबी तिला समजावून दिली. जाणाऱ्यानें 'जातें' म्हणूं नये, 'येतें' म्हणावें. ती शब्द घोळवीत राहिली, आणि मग पोरीपुढें गुडघे टेकून, तिचा चेहरा दोन्हीं हातांत धरून म्हणाली, "येतें हं." पोर म्हणाली, "ये." जणूं घरचीच यजमानीण. आम्हीं सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. पहांटे साडेचार वाजतां, मुलें झोंपलेलीं असतांना, पाहुण्यांची गाडी पुण्याच्या वाटेला लागली. लहानांना जाग येऊन रडारड नको, म्हणून ती वेळ मुद्दाम धरलेली होती.

पुढल्या शनिवारीं मी गेलों तों ही पोर रांगेंत नाहीं. फाटकाजवळच्या दगडी पायरीवर बसलेली. स्वयंपाकघरांतील मावशी म्हणाल्या, "गुरुजी, सोमवारपासून शाळेतून आली की तिथंच बसती. जेवन बी तिथंच." मी तिच्याशेजारीं बसलों. तिनें कंपासपेटी उघडून दाखविली. आंत शेंगदाण्याचा एक लाडू होता. शुक्रवारीं वांटलेला, ताईसाठीं राखून ठेवलेला. त्याला मुंग्या लागल्या होत्या. पोर म्हणाली, "गुरुजी, ताई येते म्हणली व्हती. मंग अजून का नाय आली?"

आणि मीं काय करावें? मीं तिला व्याकरण समजाविलें! म्हटलें, बाळ, असें म्हणण्याची पद्धत असते. जाणारें माणूससुद्धां 'येतें' म्हणतें. तिनें थोडा वेळ विचार केला आणि विचारलें, "मंग समदी खोटंच म्हणत्यात का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतें. आजही आहे असें नाहीं. आपल्या घरांत हा संकेत खोटा ठरत नाहीं, कारण 'येतों' म्हणणारा मामा आषाढांत गेला तर दिवाळींत खरोखरच दारांत उभा राहतो. शब्दाच्या पाठीमागें माणूस असतो. त्या पोरीच्या वाट्याला शब्द आला होता आणि माणूस नाहीं. आणि तो शब्द दुसऱ्याच्या तोंडीं घालणारा मी होतों.

तीन-चार आठवड्यांनीं तिनें पायरीवर बसणें सोडलें. रांगेंत येऊन बसूं लागली, श्लोक म्हणूं लागली. 'रुळली बिचारी' असें सर्वांनीं म्हटलें, मींही म्हटलें. उन्हाळ्यांत दुसऱ्या एका देशाचा गट आला. गाडीचें दार उघडलें मात्र, ही पोर धांवत जाऊन जो पहिला खालीं उतरला त्याचा हात धरून उभी राहिली. त्याच्या तोंडाकडे तिनें पाहिलेंसुद्धां नाहीं. पाहुणे हरखले, किती प्रेमळ मुलें, म्हणाले. मावशी मात्र माझ्याकडे पाहून पुटपुटल्या, "गुरुजी, ती आता कुनाचाबी हात धरती."

मावशींचें शिक्षण चौथीपर्यंतचें. त्यांना जें दिसलें तें पुढें मीं पुस्तकांतून वाचलें, तेव्हां चकित झालों. १९५१ सालीं जॉन बोल्बी या इंग्रज वैद्यानें जागतिक आरोग्य संघटनेसाठीं अनाथ मुलांविषयीं एक अहवाल लिहिला. मुलाला एका स्थिर माणसाची माया अन्नासारखीच लागते, हें त्याचें सार. त्याचाच सहकारी जेम्स रॉबर्टसन यानें १९५२ सालीं रुग्णालयांत ठेवलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीचा चित्रपट तयार केला. आईपासून दुरावलेलें मूल प्रथम आकांत करतें, मग खचून गप्प होतें, आणि शेवटीं कोणाशींही हंसूं-खेळूं लागतें. ही शेवटची अवस्था पाहून परिचारिकांना वाटे कीं मूल आतां रुळलें. रॉबर्टसननें दाखवून दिलें कीं तें रुळलेलें नसतें, त्यानें आपलें दार आंतून लावून घेतलेलें असतें. बार्बरा टिझर्ड या विदुषीनें लंडनच्या शिशुगृहांतील मुलांची पाहणी केली. तेथें दोन वर्षांचें होईतों एकेका मुलाला सरासरी चोवीस माणसांनीं हाताळलेलें होतें. सोयीसुविधा उत्तम, खेळणीं विपुल; पण पुढें त्यांतील पुष्कळ मुलें परक्यांच्याही गळ्यांत चटकन् पडत. आणि २००० सालाच्या सुमारास रुमानियांत बुखारेस्ट येथें १३६ मुलांवर एक अभ्यास सुरू झाला. त्यांतील अर्धीं संस्थेंतून काढून पालक-कुटुंबांत ठेवलीं. जीं लहान वयांत, विशेषतः दोन वर्षांच्या आंत, घरांत गेलीं त्यांचीं मनें अधिक सांवरलीं.

मग परदेशांतून येणाऱ्या मदतीचें दारच बंद करावें काय? असें म्हणण्यापूर्वीं आमच्याच तालुक्यांचा इतिहास पाहावा लागतो.

पुणें-दौंड लोहमार्गावर केडगांवचें स्थानक आहे. तेथें पंडिता रमाबाईंचें 'मुक्ति' सदन. आमच्या आजोबांच्या पिढींत हें नांव घरांत दबक्या आवाजांत घेत. शारदासदनावरून १८९३ च्या सुमारास पुण्यांत जो वाद पेटला त्याची धग पुष्कळ वर्षें टिकली. त्या वादांत मी आज शिरत नाहीं. परंतु जिला १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं 'सरस्वती' पदवी दिली, जिचे आईबाप दुष्काळांत अन्नावांचून गेले, तिनें १८९६–९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत हिंडून शेंकडों मुली केडगांवीं आणल्या, १९०० च्या गुजराथच्या दुष्काळांत आणखी आणल्या, आणि तेथील वस्ती दोन हजारांच्या घरांत नेली, हें कोणत्याही पक्षाच्या मनुष्यानें मान्य करावें. या कामांत हात लावावयास अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया येथून बाया आल्या. मिनी एब्रॅम्स या अमेरिकन बाई त्यांपैकींच एक. त्या काळीं बोटीचा प्रवास आठवड्यांचा. तीन आठवडे राहण्यासाठीं कोणी येतच नसे. जी येई ती मराठी शिके, वर्षानुवर्षें राही, भाकरीला सरावे. मुलीच्या दृष्टीनें ती परकी बाई राहत नसे. ती रोज सकाळीं दिसणारी बाई होई.

शिरूरची तर आणखी एक मौज आहे. घोडनदीकांठीं इंग्रजांची छावणी होती. तेथील कर्नल वॉलेस १८०९ सालीं वारला, आणि लोकांनीं त्याला 'सत्पुरुष' ठरवून त्याच्या थडग्याला नैवेद्य दाखविण्यास आरंभ केला, असें जुन्या गॅझेटिअरमध्यें नमूद आहे. जो राहिला तो परका आमच्या लोकांनीं असा आपलासा केला. घाईनें येऊन घाईनें जाणाऱ्याचें काय करावें, याची रीत मात्र आम्हांस अजून सांपडावयाची आहे.

त्याच शिरूर तालुक्यांत वढु बुद्रुक येथें, संभाजी महाराजांच्या समाधीच्या गांवीं, सिस्टर लुसी कुरियन यांनीं १९९७ सालीं 'माहेर' ही संस्था काढली. १९९१ सालीं एका गरोदर स्त्रीनें त्यांच्याकडे आसरा मागितला होता. तो त्या दिवशीं देतां आला नाहीं, आणि त्याच रात्रीं नवऱ्यानें तिला जाळलें. तो सल या संस्थेच्या मुळाशीं आहे. तेथें मुलांना लहान लहान घरांतून, घरमातेच्या हाताखालीं वाढवितात, आणि परदेशी स्वयंसेवकही येतात. नांव किती नेमकें! माहेर म्हणजे जेथून निरोप घेऊन निघतां येतें आणि जेथें परत येतां येतें तें घर. घरमाता तीच राहिली, तर पाहुणे आले काय आणि गेले काय, मुलाच्या पायांखालची जमीन हलत नाहीं.

कोल्हापूरजवळ वळिवडें येथें १९४३ ते १९४८ या काळांत पोलंडचे सुमारें पांच हजार निर्वासित राहिले, बहुतेक स्त्रिया व मुलें. जामनगरजवळच्या बालाचडी येथील अनाथ मुलेंही १९४६ सालीं तेथेंच आणलीं. ही गोष्ट अलीकडे पुष्कळांच्या कानांवर आली आहे. आपल्या पंतप्रधानांनीं २०२४ च्या ऑगस्टांत वॉर्सा येथें कोल्हापूरच्या स्मारकाला अभिवादन केलें. तेथें निरोपाचा प्रकार उलट होता. यजमान मागें राहिले आणि अनाथ मुलें निघालीं. पण पांच वर्षांत तीं पंचगंगेच्या कांठीं आपल्या शिक्षकांबरोबर, आपल्या सवंगड्यांबरोबर वाढलीं होतीं. म्हातारपणीं त्यांतील कित्येक जण वळिवडें पाहावयास परत आले. मला वाटतें, निरोप घेण्याजोगें कांहीं मिळालेलें असावें लागतें, तेव्हांच मनुष्य परत येतो.

संस्कृताच्या शिक्षकाला या प्रसंगीं शाकुंतलाचा चौथा अंक आठवणें अपरिहार्य. आपण तो सासरीं निघालेल्या मुलीचा अंक म्हणून वाचतों व डोळे पुसतों. परंतु शकुंतला ही टाकून दिलेली पोर होती, पक्ष्यांनीं जपलेली, कण्वांनीं उचलून आणलेली, हें विसरून जातों. आणि त्या अंकांत दुसरें एक पोरकें आहे. तिच्या वस्त्राला कोणी तरी मागून ओढतें. ती वळून पाहते तों हरिणाचें पाडस. त्याची आई वितांच गेलेली, शकुंतलेनेंच त्याला मूठमूठ धान्य घालून वाढविलेलें. ती त्याला फसवीत नाहीं. 'येतें' म्हणत नाहीं. आपण सोडून चाललों आहों हें ती त्याला सरळ सांगते, आणि यापुढें तात तुझी काळजी वाहतील असें म्हणून त्याला कण्वांच्या हवालीं करते. हा अंक मीं किती वेळां शिकविला असेन! परंतु ओढणीचें टोंक धरून हिंडणारी पोर समोर असतांना मला पाडस आठवलें नाहीं. परीक्षेच्या दृष्टीनें तो श्लोक महत्त्वाचा, एवढेंच मुलांना सांगत आलों.

वाचकहो, परदेशी विद्यार्थ्यांना नांवें ठेवून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. नातवाचा वाढदिवस अनाथाश्रमांत साजरा करण्याची चाल आतां आपल्या घरांतून पडली आहे. जिलबीची पाटी, चार फुगे, मुलांच्या गालांवरून हात, कोणाला तरी मांडीवर घेऊन छायाचित्र. आणि पांच वाजतां आपण गाडींत. कित्येक घरचीं नातवंडें अमेरिकेंत शिकतात. उन्हाळ्यांत आजीआजोबांकडे आलीं म्हणजे अशा एखाद्या संस्थेंत पंधरा दिवस काढतात, कारण तिकडील महाविद्यालयांच्या प्रवेशअर्जांत अशा सेवेचा उल्लेख शोभून दिसतो. त्यांत दुष्टपणा मुळींच नाहीं. परंतु २०१९ च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें अनाथालयांतील अशा पाहुणेवजा स्वयंसेवेपासून मुलांना पोंचणाऱ्या इजेची दखल एका ठरावांत घेतली, हें आपल्याला ठाऊक असावें. कांहीं देशांत पाहुण्यांचा पैसा मिळावा म्हणून आईबाप जिवंत असलेलीं मुलें 'अनाथ' म्हणून ठेवलीं जातात असें उघडकीस आलें आहे. आपल्याकडील २०१५ च्या बालन्याय कायद्यानेंही संस्था हा मुलासाठीं शेवटचा उपाय मानला आहे. आधीं स्वतःचें घर, तें नसल्यास दत्तक किंवा पालक-कुटुंब. आमच्या त्या पोरीला आई आहे. आजारी असते, पण आहे. वर्षांतून दोनदां येते.

मीं त्या परदेशी मुलीला पत्र लिहिलें. दोष देण्यासाठीं नव्हे. लाडवाची हकीकत तेवढी कळविली, आणि तिला तो शब्द मींच शिकविला होता हेंही लिहिलें. दोन महिन्यांनीं उत्तर आलें. एक पान मला, इंग्रजींत. तें येथें सांगण्यासारखें नाहीं, बहुतेक सारें अश्रूंचेंच होतें. दुसरें पान पोरीला, देवनागरींत, कोणाकडून तरी गिरवून घेतलेलें, मोठालीं वांकडीं अक्षरें: मी दूर राहते, मला येतां येणार नाहीं, तुझी आठवण आहे. मीं तें वाचून दाखविलें. पोरीनें कागद हातांत घेऊन अक्षरें बोटानें चांचपलीं आणि म्हणाली, "काना इसरली." खरोखरच एका ठिकाणीं काना राहिला होता. तो तिनें पेन्सिलीनें घातला आणि कागद कंपासपेटींत ठेवला.

त्यानंतर मावशींनीं, अधीक्षकांनीं व मीं बसून कांहीं गोष्टी ठरविल्या. पाहुणे आले तर त्यांनीं मावशींच्या हाताखालीं काम करावें. भाजी निवडावी, कुंपण बांधावें, वाचनालय लावावें, मोठ्या मुलांना गणित शिकवावें. न्हाऊं-माखूं घालणें, वेणीफणी, रात्रीं थोपटून निजविणें हें मावशींचेंच. कोणा एका मुलाला वेगळी भेट देऊं नये. पहिल्याच दिवशीं मुलांना सांगावें कीं हा दादा अमुक दिवस राहणार, आणि दिनदर्शिकेवरचा एकेक दिवस मुलांनींच खोडावा. निघावयाचें तें उजेडीं, सर्वांदेखत. अधीक्षकांना पहिल्यानें हें कोरडें वाटलें. देणगीदार नाराज होतील अशीही शंका त्यांनीं बोलून दाखविली, आणि ती अगदींच खोटी ठरली असें नाहीं. एका मंडळींनीं येणें बंद केलें.

गेल्या हिवाळ्यांत एक विद्यार्थी एकटाच सहा आठवड्यांसाठीं आला. उंच, चष्मा लावणारा, सुतारकामांत तरबेज. त्यानें वाचनालयाचीं फडताळें केलीं. पोर आतां दहा वर्षांची झाली आहे. खिळ्यांचा डबा धरण्याचें काम तिनें आपल्याकडे घेतलें. दिनदर्शिकेवरची फुलीही तीच मारी. शेवटल्या दिवशीं दुपारीं जेवणानंतर तो पिशवी खांद्याला लावून अंगणांत आला. मुलें उभीं होतीं. पोर पुढें झाली आणि तिनें त्याला विचारलें, "येतो का जातो?"

त्यानें माझ्याकडे पाहिलें. मीं त्याला आदल्या दिवशींच सांगून ठेवलें होतें. तो म्हणाला, "जातो."

मावशींनीं पदर तोंडाला लावला. असें अशुभ आमच्या अंगणांत कोणी बोललें नव्हतें. माझ्याही ओठांवर 'या' आला होता, तो मीं तेथेंच गिळला. पोरीनें त्याच्याकडे नीट पाहिलें, डोळ्यांत पाणी आलें तें मनगटानें पुसलें, आणि म्हणाली, "बरं. जा." तो फाटकाबाहेर पडून वळणाआड होईतों ती उभी होती. मग ती मावशींजवळ गेली, त्यांच्या सुपांतील अर्ध्या शेंगा आपल्या ओच्यांत घेतल्या, आणि फोडावयास बसली.